मांजरांना न दुखावता बाग कशी राखायची: सोलापूरच्या अंगणासाठी पायरीपायरीने

सोलापुरात बाग म्हणजे बहुतेकांकडे चार वाफे, दहा-पंधरा कुंड्या, तुळशीवृंदावन आणि कंपाउंडला लागून एखादं कढीपत्त्याचं नाहीतर डाळिंबाचं झाड. एवढ्याशा जागेत शेजारपाजारच्या मांजरांनी उकरायला सुरुवात केली की नुकती उगवलेली मेथी मुळासकट बाहेर, कुंडीत घाण आणि वृंदावनात मुटकुळं करून झोपलेला बोका. अशा वेळी पहिला हात दगडाकडे जातो आणि दुसरा डांबर गोळ्यांच्या डबीकडे. दगडाने मांजर एवढंच शिकतं की तुम्ही दिसलात की पळायचं. तुम्ही झोपलात की ते परत हजर. डांबर गोळ्यांचं पुढे येईलच.

मांजर बागेत काहीतरी शोधत येतं. काय शोधतंय ते आधी ओळखायचं, तेवढीच सोय काढून घ्यायची आणि जमलं तर तीच सोय दुसरीकडे द्यायची. खालच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. मधल्या गाळून थेट जाळी ठोकायला बसलात तर जाळी फुकट जाते.

## काय काय लागेल

- जाड रबरी हातमोजे, खुरपं, जुनी सुपली
- थोडी रांगोळी, माग काढण्यासाठी
- तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या: करंगळीएवढ्या जाड, फूटभर लांबीचे तुकडे
- २० एमएम खडी
- पाऊण किंवा एक इंच भोकाची वेल्डेड जाळी, जाळी कापायची कात्री, पक्कड, बाइंडिंग वायर
- पाच-सहा घमेली बारीक वाळू
- कपडे धुण्याची एन्झाइमवाली पावडर. पाकिटावर तसं छापलेलं असतं
- रिकाम्या करवंट्या

कागदपत्रं फारशी लागत नाहीत. सोसायटीत राहत असाल तर सामाईक भिंतीवर काही बसवण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्या, आणि भिंत दोघांची असेल तर शेजाऱ्यांचा होकार. शेजाऱ्यांच्या होकाराशिवाय चढवलेली जाळी हा मांजरापेक्षा मोठा तंटा होतो.

## १. येतं ते मांजरच आहे ना, हे बघा

उकरलेली माती दिसली की नाव मांजराचं होतं, पण सोलापुरात घुशी आणि मुंगसंही भरपूर आहेत. संध्याकाळी फरशीवर, ओट्यावर किंवा वाफ्याच्या कडेच्या लादीवर रांगोळी चाळणीने पातळ भुरभुरवा आणि सकाळी झाडण्याआधी बघा. मांजराचा ठसा गोलसर, साधारण ३ सेंमीचा, चार बोटांचा असतो आणि त्यात नखं उमटत नाहीत. कुत्र्याची नखं उमटतात. मुंगसाची पाच बोटं आणि नखं दिसतात. घूस खोल बीळ पाडते आणि बाहेर मातीचा ढीग टाकते. मांजर उथळ खड्डा करतं आणि वर माती ओढून घेतं.

रांगोळीऐवजी चुना वापरू नका. पंजे भाजतात, आणि मांजर पंजे चाटतं म्हणजे तो तोंडातही जातो.

तीन-चार रात्री हे करा. कुठून आलं, कुठे गेलं, साधारण कधी, हे वहीत टिपा. मांजरं दिवस उजाडताना आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त फिरतात, त्यामुळे तेवढ्या दोन वेळा खिडकीतून नजर ठेवली तरी बरंच कळतं.

## २. ते कशासाठी येतं, हे ठरवा

इथे घाई केली की पुढचं सगळं चुकतं.

शौचासाठी. खड्डा उथळ, वर माती लोटलेली, जागा दर वेळी तीच किंवा हातभर इकडेतिकडे. मांजराला भुसभुशीत, कोरडी, सहज उकरता येणारी माती लागते. आपली काळी माती वाळली की दगड होते, तिथे ते जात नाही. पण तुम्ही कुंडीत कोकोपीट आणि गांडूळखत घालून जे मऊ मिश्रण तयार करता, ते त्याच्या दृष्टीने तयार संडास असतो. नव्या वस्तीत, म्हणजे जुळे सोलापूरकडे किंवा होटगी रोड, विजापूर रोडच्या बाजूला, आणखी एक गंमत होते. शेजारी बांधकाम चालू असेपर्यंत मांजरं वाळूच्या ढिगावर जातात. स्लॅब पडला, वाळू संपली, की ती सगळी तुमच्या वाफ्यात. एकदम त्रास सुरू झाला असेल तर हे कारण आधी तपासा.

थंडाव्यासाठी. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की दुपारी ओल्या आळ्यात, केळीच्या बुंध्याशी, वृंदावनाच्या सावलीत मांजर पसरतं. रोपं दबलेली दिसतात, गोलसर खळगा असतो, पण घाण नसते.

खाण्यासाठी आणि शिकारीसाठी. पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्याजवळ पिसं, कचऱ्याची पिशवी फाटलेली. गुलाबाला हाडांचा चुरा किंवा माशांपासून केलेलं खत घालत असाल तर आमंत्रण तुम्हीच धाडलं आहे.

वाट म्हणून. ठसे एका रेषेत भिंतीपासून फाटकापर्यंत जातात आणि मध्ये कुठे थांबत नाहीत. नुकसान नसेल तर या मांजराला सोडून द्या. सगळ्या वाटा बंद करायचा अट्टहास महाग पडतो.

बाळंतपणासाठी. जुन्या कूलरचा रिकामा डबा, रचून ठेवलेल्या कुंड्या, जिन्याखालचं अडगळीचं सामान. मांजरी इथे पिल्लं घालते. तिला हाकलण्याआधी पायरी ६ वाचा.

खूण मारण्यासाठी. भिंतीवर, कुंडीच्या बाजूवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर उग्र वासाचा ओघळ. शेपूट ताठ उभी करून, थरथरवत मागे फवारा मारणारा बहुधा नसबंदी न झालेला बोका असतो. याला जाळी आणि खडी लागू पडत नाही. त्याचा उपाय पायरी ८ मध्ये आहे.

जाता जाता एक तण बघून घ्या. पावसाळ्यात कुंड्यांत आपोआप उगवणारी खोकली, काही जण तिला कुप्पी म्हणतात, तिच्या मुळाच्या वासाने मांजरं अक्षरशः खुळी होतात. ती त्यावर लोळतात, माती उकरतात. खोकली उपटून तिथेच टाकली, मुळं तुटून मातीत राहिली, तर वास उलट वाढतो. माती ओली असताना मुळासकट काढा आणि लगेच बागेबाहेर टाका.

## ३. आधी वास काढा

मांजर नाकाने जागा ओळखतं. जुनी घाण मातीत असताना वर कितीही खडी टाका, ते शेजारच्या कुंडीत जाईल पण बाग सोडणार नाही.

मातीत: हातमोजे घालून घाण आणि तिच्या भोवतालची दोन-तीन इंच खोल माती सुपलीने काढा, कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या. खताच्या खड्ड्यात किंवा कंपोस्टच्या बादलीत ती कधीच टाकू नका. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो. विष्ठा पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज उचललेली घाण फारशी धोक्याची नसते आणि आठवडाभर पडून असलेली असते. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. त्या वाफ्यातली कोथिंबीर, मेथी, पालक वाहत्या पाण्यात नीट धुतल्याशिवाय कच्ची खाऊ नये.

फरशी, भिंत, कुंडीची बाजू: १ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम एन्झाइमवाली पावडर विरघळवून घासा, दहा मिनिटं राहू द्या, साध्या पाण्याने धुवा आणि वाळू द्या. फवाऱ्याची जागा जुनी असेल तर दोन-तीन दिवस लागोपाठ करावं लागतं. ब्लीच आणि अमोनिया असलेले क्लीनर टाळा. लघवीत मुळातच अमोनिया तयार होतो, त्यामुळे अमोनियाने धुतलेली जागा मांजराला जुन्या खुणेसारखीच वाटते. आणि लघवीवर ब्लीच ओतलं तर घशाला झोंबणारा वायू निघतो.

## ४. उघडी माती ठेवू नका

खरं काम इथे आहे. मांजराला दोन पंजे टेकवून उकरायला आणि वळून बसायला साधारण फूटभर मोकळी जागा लागते. तेवढा तुकडा कुठेच शिल्लक राहिला नाही की वाफा त्याच्या कामाचा राहत नाही. सगळे वाफे आणि कुंड्या एकाच दिवशी झाका. आज एक, पुढच्या रविवारी दुसरा, असं केलं तर मांजर तुमच्या पुढे एक कुंडी राहतं.

तुराट्या. वाफ्यासाठी यासारखा स्वस्त उपाय नाही. डिसेंबर-जानेवारीत तूर काढणी झाली की बार्शी, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या शेतांतून त्या ढिगाने निघतात. ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेवलं तर एक भारा सहज मिळतो. फूटभराचे तुकडे करा, ४ इंच जमिनीत आणि ८ इंच वर, दोन तुकड्यांत ६ इंच अंतर. १० चौरस फुटांच्या वाफ्याला साधारण ४० तुकडे लागतात. टोकं सपाट कापा. कोयत्याने तिरपं छाटलेलं टोक भाल्यासारखं होतं आणि ते मांजराच्याच नाही, वाकून खुरपणी करणाऱ्या माणसाच्याही डोळ्यात जाऊ शकतं. काळी माती कोरडी असताना तुराटी आत जात नाही, मोडते. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, सकाळी खोवा. वर्षभरात वाळवी लागते, पुढच्या हंगामात बदला.

खडी. गुलाब, जास्वंद, कढीपत्ता अशा कायम झाडांच्या आळ्यात २ इंच थर. १० चौरस फुटांना चार-पाच घमेली पुरतात. १०० चौरस फुटांना साधारण १७ घनफूट, म्हणजे ब्रासचा (१०० घनफुटांचा) सहावा भाग. तेवढ्यासाठी पूर्ण ब्रास गळ्यात घेऊ नका, शेजारच्या बांधकामावरून विकत मागा. बारीक कच चालत नाही, ती मांजराला वाळूसारखीच वाटते. दोन गोष्टी सांभाळा. एक, काळ्या मातीत पावसाळ्यात खडी गिळली जाते, म्हणून खाली गोणपाट अंथरा. दुसरं, ही काळी बसाल्टची खडी मे महिन्यात तव्यासारखी तापते. खोडापासून तीन इंच लांब ठेवा आणि कोवळ्या रोपांभोवती टाकूच नका. भाजीच्या वाफ्यात खडी नको. पुढच्या लागवडीला माती उलटताना ती निवडत बसणं ही शिक्षा आहे.

जाळी. नुकत्या पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीवर वेल्डेड जाळी चार कोपऱ्यांत विटा ठेवून मातीपासून चार इंच वर धरा आणि बाइंडिंग वायरने विटांना बांधा. रोपं जाळीला टेकली की काढून घ्या. दाट उगवलेल्या भाजीत मांजर सहसा उकरत नाही. कायम बसवायची असेल तर जाळी मातीवर सपाट अंथरा, रोपांपुरती भोकं कापा, वर बोटभर माती घाला. कापलेल्या कडा खाली वाकवायला विसरू नका. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी जाळी स्वस्त असते, पण एक-दोन पावसाळ्यांत गंजून तुटते आणि तारा हाताला लागतात. नायलॉनची मऊ जाळी तर नकोच. तिच्यात मांजराचा पाय, साप, पक्षी, सगळेच अडकतात.

कुंड्या. १२ इंची कुंडीत खोडाभोवती दोन-तीन करवंट्या पालथ्या दाबून बसवा. पालथ्याच. उताण्या ठेवल्या तर पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तुमच्या पैशाने वाढतात. पूर्व भागात यंत्रमाग कारखान्यांच्या भंगारात सुताचे रिकामे प्लास्टिक कोन मिळतात. रुंद बाजू खाली करून, अर्धे मातीत पुरून तेही छान बसतात. पुठ्ठ्याचे कोन दोन पाण्यांत विरघळतात, ते घेऊ नका.

पाणी कधी द्यायचं. शौचाचा त्रास असेल तर सकाळऐवजी संध्याकाळी. रात्रभर माती ओली राहते आणि ओली माती मांजराला उकरायला आवडत नाही. उन्हाळ्यात पाण्याची वाफही कमी होते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात हा फायदा लहान नाही.

खत. हाडांचा चुरा आणि माशांचं खत बंद करा, त्याऐवजी निंबोळी पेंड वापरा. १२ इंची कुंडीला दोन मुठी पुरतात. तिच्या वासाने मांजर थोडं बिचकतं असं अनेक जण सांगतात. त्यावर भिस्त ठेवू नका, पण पेंडीने झाडाचं भलंच होतं.

## ५. त्याला त्याची जागा द्या

शौचाचा त्रास रोजचा असेल आणि मांजर ठरलेलंच असेल, तरच ही पायरी. बागेच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपासून आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दूर, २ फूट बाय २ फूट, ६ इंच खोल चौकट विटांनी करा आणि बारीक वाळू भरा. पाच-सहा घमेली लागतात. क्रश सँड असेल तर चाळून घ्या, टोचणारी वाळू मांजर नाकारतं. वर पत्र्याचा तुकडा सावलीला. पहिल्या दिवशी वाफ्यातून काढलेली थोडी घाणेरडी माती मुद्दाम यात मिसळा, म्हणजे पत्ता त्याला नाकाने कळतो.

रोज उचला, महिन्याला वाळू बदला. रोज उचलणं जमणार नसेल तर ही पेटी करूच नका. न साफ केलेली पेटी मांजर सोडतं आणि परत वाफ्यात येतं. म्हणजे घाणीच्या दोन जागा होतात.

थंडाव्यासाठी येणाऱ्याचंही असंच. भिंतीच्या सावलीत, झाडांपासून लांब, एक ओलं पोतं आणि पाण्याची परात ठेवा. आळ्यांत तुराट्या आणि इथे गारवा असला की निवड त्याची तोच करतो.

## ६. वाटा बंद करताना आधी पिल्लं शोधा

मोठी चूक इथे होते. मांजरी बाहेर गेलेली असताना कोणीतरी भोक बुजवतं. आत पिल्लं उपाशी मरतात, मांजरी रात्रभर ओरडते, आणि तिसऱ्या दिवसापासून वास.

भोकाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवा आणि दोन-तीन रात्री बघा. बोळा हलला तर आत वावर आहे. पिल्लं दिसली तर थांबा. आठ आठवड्यांची झाली की ती दूध सोडून स्वतः खातात, तोपर्यंत मांजरीला त्रास देऊ नका. कितीतरी वेळा माणसांची वर्दळ जाणवली की ती स्वतःच पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते. पिल्लं हातात घेऊन हलवू नका.

मग भोकं. फाटकाखालची फट २ इंचांपेक्षा जास्त नको. ती चार इंच असली तरी मोठं मांजर डोकं घालून आरामात निघतं. खाली जाळीची पट्टी बाइंडिंग वायरने बांधा किंवा फॅब्रिकेटरकडून पत्र्याची पट्टी वेल्ड करून घ्या. गटाराच्या पाइपला जाळी लावताना कचरा अडणार नाही एवढी भोकं ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात अंगणात पाणी.

पाच-सहा फुटांची भिंत मांजराला अडवत नाही, एका उडीत ते वर जातं. भिंतीवर काही करायचं तर रोलर हा उत्तम उपाय: दोन लोखंडी अँगलमध्ये जाड तार ताणायची, तिच्यात एक इंची पीव्हीसी पाइप आणि त्यावर सैल बसणारा तीन इंची पाइप ओवायचा. पंजा टेकला की पाइप फिरतो आणि मांजर खाली, चारही पायांवर, आलं तिकडेच उतरतं. दोन पाइपांच्या मध्ये पंजा मावेल अशी फट राहू देऊ नका. पूर्ण भिंतीला करायची गरज नसते, रांगोळीने दाखवलेल्या उडीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट करून बघा. त्याआधी भिंतीवर झुकलेल्या फांद्या छाटा. पलीकडच्या शेवग्याची एक फांदी सगळा खर्च वाया घालवते.

## ७. खाणं, पाणी, पक्षी

ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नका, सकाळी घंटागाडी आली की द्या. मासे-मटणाचा कचरा झाकणाच्या डब्यात. कुत्र्याचं ताट त्याचं खाणं झालं की उचला.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवता ते चांगलंच आहे, पण जमिनीवर ठेवलेलं भांडं म्हणजे मांजराचं ताट. सहा फुटांपेक्षा उंच टांगा आणि आसपास दोन मीटर कुठेही दबा धरून बसायला झुडूप नको. झाडावर घरटं असेल तर खोडाभोवती पाच-सहा फुटांच्या उंचीवर दीड-दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा, नख रुतत नाही. तो सैल ठेवा आणि खोड जाड झालं की आणखी सैल करा.

## ८. माणसांशी बोला, मग नसबंदी

मांजर पाळलेलं आहे की गल्लीतलं, हे विचारा. तक्रार घेऊन जाऊ नका, फोनमधला फोटो घेऊन जा: “काकू, हा आमच्याकडे येतो, तुमचाच आहे का? नसबंदी झालीये का त्याची?” पाळलेलं असेल तर गळ्यात घंटा बांधायला सांगा, पक्षी सावध होतात. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा जुना प्रश्न इथे सोपा आहे, मालकाने. पट्टा मात्र झटक्याने सुटणारा हवा, फांदीत अडकून फास बसणारा नको.

गल्लीत कोणी खायला घालत असेल तर त्यांना बंद करायला लावू नका, भांडण होतं आणि ते लपून घालायला लागतात. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, पंधरा-वीस मिनिटांत ताटली उचलणं, एवढं मागा. आणि ती जागा तुमच्या भिंतीपासून दूर.

फवारे मारणारा बोका आणि वर्षात दोन-तीनदा विणारी मांजरी यांना नसबंदीशिवाय उपाय नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पशुवैद्यकांकडे आधी वेळ घ्या, उपाशी किती तास ठेवायचं आणि पिंजरा कोणता आणायचा हे त्यांनाच विचारा. पाळलेलं असेल तर लसीकरणाचं कार्ड न्या. गल्लीतलं असेल तर पिंजऱ्यात आलं की लगेच कापडाने झाका, ते शांत होतं. पिंजरा लावून कामाला निघून जाणं हा सोलापूरच्या उन्हात खून आहे. शस्त्रक्रियेनंतर बोका एक-दोन दिवसांत हिंडतो, मांजरीला दहा दिवस सांभाळावं लागतं. कानाचं टोक सरळ कापलेलं मांजर दिसलं तर त्याची नसबंदी आधीच झाली आहे, त्याला पुन्हा पकडू नका. फवारे त्याच दिवशी थांबत नाहीत, काही आठवडे जातात.

पोत्यात घालून मंडईत किंवा गावाबाहेर सोडणं हा उपाय नाही. मांजर परत येतं, नाही आलं तर त्याच्या मोकळ्या जागेत दुसरं येतं. शिवाय उपासमार होईल अशा ठिकाणी प्राण्याला सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. विष घालून मारणं किंवा जायबंदी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये येतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

## हे काही करू नका

- डांबर गोळ्या. त्यातलं नॅप्थलीन मांजराला विषारी आहे. मातीत मिसळतं, लहान मूल गोळी तोंडात घालू शकतं.
- फिनेल. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखे पदार्थ पचवता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी ते आजारी पडतं.
- तिखट, मिरीपूड. डोळे आणि पंजे भाजतात. वाऱ्याने तुमच्याही डोळ्यात जातं.
- तंबाखूची पूड, कॉफी. निकोटिन आणि कॅफिन, दोन्ही विष.
- निलगिरी, टी-ट्री किंवा संत्र्याचं तेल. शुद्ध तेल कातडीवर लागलं तरी धोका. संत्र्याच्या साली चालतात, पण आपल्या उन्हात दिवसात वाळून वास संपतो आणि मुंग्या तेवढ्या येतात.
- भिंतीवर काचा, वाफ्यात बाभळीचे काटे. पंजात काटा मोडला की पू होतो, आणि जखमी मांजर लांब न जाता तुमच्याच अडगळीत दडून बसतं.
- उंदराचं विष. ते खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजर जातं.

अल्ट्रासोनिक यंत्राबद्दल सगळे विचारतात. माणसाला ऐकू न येणारा कर्कश आवाज ते मांजराला ऐकवतं. उपयोग होतो, पण अर्धवट: काही मांजरं बिचकतात, काही सरावतात, बहिऱ्याला फरक पडत नाही, आणि घरात कुत्रा असेल तर त्यालाही तो आवाज जातो. आधी पायरी ४ पूर्ण करा. हालचालीवर पाणी उडवणारी यंत्रं चांगली असतात, पण गच्चीवरच्या टाकीतून मिळणारा दाब त्यांना बहुधा पुरत नाही. आणि सोलापुरात पाणी मांजरावर उडवायला कोणाकडे आहे?

## मांजराने ओरखडलं किंवा चावलं तर

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलला किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. रेबीज मांजरापासूनही होतो. पिल्लू होतं, घरातलंच होतं, म्हणून टाळू नका.

## ९. हंगामाप्रमाणे फेरी मारा

नवी सवय लागायला दोन-तीन आठवडे जातात. या काळात रोज सकाळी एक फेरी आणि उकरलेलं दिसलं की लगेच साफसफाई.

उन्हाळ्यात ओलावा शोधणारी मांजरं वाढतात, तेव्हा आळ्यांच्या तुराट्या दाट करा. पावसाळ्यात बाहेरची माती भिजली की ती कोरड्या जागी सरकतात: व्हरांड्यातल्या, पत्र्याखालच्या, जिन्यातल्या कुंड्या. जूनमध्ये करवंट्या आणि कोन तिकडे हलवा. थंडीत मांजर उन्हाची भिंत आणि गाडीचं गरम इंजिन शोधतं. सकाळी बॉनेटवर दोन थापा मारून मगच गाडी चालू करा. दिवाळीत आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, शोभेच्या दारूकामाच्या रात्री बावरलेली अनोळखी मांजरं एक-दोन दिवस बागेत दडतात. त्यांना हुसकू नका, आवाज थांबले की जातात.

मोठा पाऊस पडून गेला की काळी माती फुगते आणि मग वाळताना भेगाळते, त्यात तुराट्या सैल पडतात. वाफा अजून ओलसर असतानाच त्या पुन्हा दाबून घ्या.